पाच गोळ्या कापून द्या

हडपसरला माझं मेडिकल आहे, त्याला आता तेवीस वर्षं झाली. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर जाहिरात केली म्हणाल. ओळखीच्यांना माहीत आहेच. ही पोस्ट शुगरबद्दल आहे आणि लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पावडर, कारल्याचा रस असलं काही हवं असेल तर इथे मिळणार नाही. (दुकानात मिळतं. विकतोही. पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका, हे प्रत्येक बाटलीमागे एकदा सांगतो.)

मी दुकान टाकलं तेव्हा शुगरची गोळी मागणारा माणूस साधारण ठरलेला असायचा. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेलं, बँकेत नाहीतर कारखान्यात कायम नोकरी. चिठ्ठी नीट घडी घातलेली. महिन्याची औषधं एकदम न्यायचा आणि बिल आठवणीने मागायचा, कारण कंपनीकडून पैसे परत मिळायचे. लोक त्याला राजरोग म्हणायचे, आणि म्हणताना थोडं हसायचेही. खाऊनपिऊन सुखी असणाऱ्याचा आजार.

ते गिऱ्हाईक आजही येतं. पण त्याच्या मागे रांगेत कोण उभं असतं बघा. सोसायटीचा वॉचमन. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी. कॅब चालवणारा बत्तीस वर्षांचा मुलगा. जेवणाच्या ऑर्डरची पेटी पाठीवर लावलेला, त्याच्याहूनही लहान. यातले बरेचजण महिन्याचं औषध नेत नाहीत. "दादा, पाच गोळ्या कापून द्या," म्हणतात. मी कात्रीने पाकीट कापतो. एक्स्पायरीची तारीख ज्या बाजूला छापलेली असते ती बाजू आपल्याकडे ठेवायची, हा आमच्या धंद्यातला नियम. महिन्याच्या वीस तारखेनंतर माझी कात्री जास्त चालते.

हे नुसतं माझ्या गल्ल्यावर बसून केलेलं निरीक्षण नाही. आयसीएमआरच्या पैशातून देशभर झालेल्या 'इंडियाब' पाहणीचे आकडे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहाच्या नियतकालिकात आले. एक लाख तेरा हजार माणसं तपासली होती. त्यावरून देशात मधुमेह असलेले १० कोटी १० लाख, आणि अजून मधुमेह नाही पण त्या वाटेवर आहेत असे १३ कोटी ६० लाख. शहरात १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. सगळ्यात वर कोण, तर शेजारचा गोवा, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठी माणसं बसली असतील तर त्यात एकाला.

हे आकडे पेपरात येऊन गेले, तुम्ही वाचलेही असतील. पण त्याच पाहणीचा एक आधीचा अहवाल आहे, २०१७ चा, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पंधरा राज्यांतली माहिती होती त्यात. त्यात असं निघालं की काही पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेहाचं प्रमाण सुखवस्तू लोकांपेक्षा गरिबांमध्ये जास्त आहे. या राज्यांत चंदीगड होतं, तमिळनाडू होतं आणि आपला महाराष्ट्र होता. खेड्यांत मात्र अजून उलटं चित्र होतं. थोडक्यात, राजरोग खाली उतरलाय. बंगल्यातून चाळीत आणि चाळीतून पत्र्याच्या खोलीत.

का उतरला, हे समजून घ्यायला पुण्याबाहेर जायची गरज नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मेअधिक लोक शुगर निघाली की पहिल्यांदा एकच गोष्ट बोलतात. "अहो, मी एवढा काटकुळा, मला कशी शुगर?" किंवा मावशी म्हणतात, "गोड तर मी खातच नाही. सणाला काय ते." त्यांना खरंच वाटतं की रिपोर्ट बदलला असणार. आणि घरचे, शेजारचे त्यांच्याकडे असं बघतात की चोरून पेढे खात होतीस की काय.

आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक याच प्रश्नामागे आयुष्यभर लागलेत. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एक फोटो छापला होता. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन सारखंच. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. आपण आतून लठ्ठ असतो. चरबी जास्त आणि स्नायू कमी. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तातून उचलून साठवायचं मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदामच लहान असेल तर माल रस्त्यावर पडून राहणार, तसं ते.

आणि हे जन्मापासून असतं. १९९३ पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, ती साडेतीन किलोची. आपलं बाळ सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. आईच्या पोटात पुरेसं मिळालं नाही की शरीर काटकसरीने घडतं. अशा शरीराला पुढे खेड्यात थोडं खाऊन भरपूर राबावं लागलं तर ते निभावून नेतं. पण तेच शरीर शहरात आणून बारा तास खुर्चीवर बसवलं आणि मैद्यावर ठेवलं तर कोलमडतं.

हे वाचल्यापासून माझ्या मनात बहात्तरचा दुष्काळ येतो. त्या वर्षी सोलापूर, बीड, धाराशिव, नगरकडे ज्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढत होत्या, त्यांतल्या कितीतरी पोटुशी असणार. ती बाळं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. आणि हडपसर, वैदूवाडी, फुरसुंगी या सगळ्या पट्ट्यात सोलापूर रोडने आलेली माणसं किती आहेत ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. माझ्या रांगेतले बरेच त्याच वयाचे, त्याच गावांचे. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये उपासमार झाली होती, तेव्हा पोटात असलेल्या मुलांच्या रक्तातली साखर पन्नाशीत इतरांपेक्षा जास्त निघाली, हे अभ्यासातून सिद्ध झालंय. बहात्तरबद्दलचं माझं म्हणणं हा अंदाज समजा, पण मला तो खरा वाटतो. तेव्हा "काय खाल्लंस रे?" हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो पन्नास वर्षं मागे जाऊन त्याच्या आईला काय खायला मिळालं, असा विचारावा लागेल.

आता शहरात काय खातात ते बघू. मध्यंतरी घरोघरी दीक्षित की दिवेकर असा वाद रंगला होता, आठवत असेल. दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी खायचं. लग्नाच्या पंगतीत लोक भांडायचे. मला तेव्हाही वाटायचं, हा वाद ज्याला जेवायची वेळ स्वतः ठरवता येते त्याचा आहे. बारा तासांची ड्यूटी करून, बदली आला नाही म्हणून आणखी बारा तास गेटवर थांबलेल्या वॉचमनला दोन वेळा काय आणि आठ वेळा काय. त्याला चहा मिळतो. सोसायटीतलं कुणी ना कुणी देतं, टपरीवाला देतो. दिवसाला आठ-दहा कप सहज. एका कपात दोन चमचे साखर धरा, वीस चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत राहिलात तर उत्तम. आणि हा माणूस शपथेवर सांगतो की मी गोड खात नाही. खोटं बोलत नाही तो. चहाला आपल्याकडे गोड पदार्थ कोण म्हणतं?

बाकी पोट भरतं ते वडापाव, पोहे, बिस्किटाचा पुडा, चपाती-बटाटा यांवर. २०२५ मध्ये इंडियाबचाच आहारावरचा अभ्यास आला. भारतीय माणसाच्या पोटात जाणाऱ्या एकूण ऊर्जेतला ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा, म्हणजे भात, गहू, साखर वगैरे. त्यात माझ्या गिऱ्हाइकांच्या कामाची गोष्ट अशी होती: नुसता भात सोडून त्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणल्याने धोका कमी होत नाही. एकूण पिष्ट कमी करून त्याजागी डाळ, कडधान्य, दूध, अंडी अशी प्रथिनं आणली तर होतो. आपल्याकडे शुगर निघाली की पहिलं फर्मान, "भात बंद." मग त्याच ताटात दोनाच्या जागी पाच चपात्या येतात आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट तसाच. "भात तर केव्हाच सोडला हो!"

पण डाळ वाढवा म्हणणं सोपं आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, ते म्हणजे गहू आणि तांदूळ. डाळ विकत घ्यायची. सरकारने भूक भागवली, हे खरंय, आणि बहात्तर पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत विचारा. मला त्याला नावं ठेवायची नाहीत. फक्त एवढंच, की ज्या घरात महिन्याला वीस किलो गहू-तांदूळ येतो आणि दोन किलो डाळ, त्या घराला टीव्हीवरच्या बाईंनी प्रोटीन खा म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

आता पैशाचं बोलतो, कारण त्यातलं मला जास्त कळतं.

मेटफॉर्मिन ही शुगरची मुख्य गोळी अजूनही स्वस्त आहे, जेनेरिक घेतली तर दोन रुपयांच्या आत-बाहेर. नव्या गोळ्याही उतरल्यात. एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी साठेक रुपयांना एक होती. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि बाजारात दहा रुपयांच्या आसपास आली. एवढी मोठी घसरण मी या धंद्यात क्वचित पाहिली. तेव्हा "औषधं परवडत नाहीत" हे पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. मग लोक गोळ्या कापून का नेतात?

कारण गोळी हा खर्चाचा लहान भाग आहे. घरच्या मशीनची एक पट्टी वीस रुपयांच्या आसपास. म्हणजे गोळी दोन रुपयांची आणि ती लागू पडते का हे बघायला वीस रुपये. एचबीएवनसी लॅबमध्ये चारशे-पाचशे. डॉक्टरांची फी. आणि सगळ्यात महाग म्हणजे खाडा. हा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही.

आमच्या भागात महापालिकेचा दवाखाना आहे. डॉक्टर चांगले आहेत, औषध फुकट आहे. पण ओपीडी सकाळची. मावशी सकाळी कुठे असतात? तुमच्या-माझ्या घरात, भांड्यांपाशी. केसपेपर, नंबर, तपासणी, औषधाची खिडकी, यात दुपार होते. चार घरचा खाडा. आणि गोळ्या मिळतात दहा दिवसांच्या. महिन्यातून तीनदा कोण खाडा करेल? मग त्या माझ्याकडे येतात, दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन, आणि पाच गोळ्या मागतात. नियमाने जुन्या चिठ्ठीवर औषध द्यायचं नाही. मी त्यांना परत पाठवतो, "मावशी, एकदा दाखवून या." काही दाखवून येतात. काही येतच नाहीत, आणि न येणाऱ्या कुठे गेल्या हे मला माहीत असतं. गोळीशिवाय.

एक गोष्ट सांगतो. ओळख कळू नये म्हणून थोडेफार तपशील बदललेत. जेवणाच्या ऑर्डर पोचवणारा एक मुलगा, अठ्ठावीस-एकोणतीसचा. दुपारी अडीचला आला, काउंटरला धरून उभा राहिला. अंगाला घाम, हात थरथरत होते, काय हवंय ते नीट सांगता येईना. मी आधी ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून पाजली, मग विचारलं. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे नाश्त्याआधी. पण ऑर्डर लागली म्हणून नाश्ता राहिला, मग जेवणही राहिलं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. साखर धाडकन खाली येते. तो चालत्या गाडीवर होता. सोलापूर रोडला. दहा मिनिटांनी बरं वाटल्यावर तो काय म्हणाला असेल? "दादा, ऑर्डर गार होईल." हातात गाठोडं होतं कुणाच्या तरी बिर्याणीचं.

डॉक्टरांनी लिहिलं ते चूक नव्हतं. "नाश्त्याआधी" असं लिहिताना नाश्ता होणार हे त्यांनी धरलं होतं, इतकंच.

दुसरा, एक वॉचमन काका. पायाच्या बोटाला बूट लागला होता, त्यांना कळलंच नाही. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाची जाणीव जाते. दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही. काका माझ्याकडे आले ते मलम मागायला, तेव्हा वास येत होता. रिक्षात बसवून ससूनला पाठवलं. दोन बोटं गेली, पाय वाचला. पाच-सहा महिन्यांनी परत दिसले, पण त्या सोसायटीत दुसरा माणूस लागला होता. उभं राहायच्या नोकरीला असा माणूस कोण ठेवणार. हे काका कधीतरी आधी तपासले गेले होते का? हो की. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात. मांडव, फलक, नेत्याचा फोटो, बोटाला टोचून शुगर बघितली, २८० निघाली, कागदावर लिहून दिली आणि "डॉक्टरांना दाखवा" म्हणाले. तो कागद त्यांच्या पाकिटात अजून होता, घडीवर फाटलेला. चौदा नोव्हेंबर जवळ आला की अशी शिबिरं लागतात. घ्या, जरूर घ्या. पण ज्याची शुगर जास्त निघाली त्याला पंधराव्या दिवशी फोन कोण करणार, एवढं आधी ठरवून घ्या.

आणखी एक शब्द रोज ऐकतो: "बॉर्डरवर आहे." हसत सांगतात, पास झाल्यासारखं. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी अशाच बॉर्डरवरच्या ५३१ लोकांचा अभ्यास केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नुसता नेहमीचा सल्ला देऊन सोडलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. तीन वर्षांत, निम्म्याहून जास्त. ज्यांच्या मागे लागून चालायला लावलं, खाणं सांभाळायला लावलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. म्हणजे बॉर्डर ही सरकती जिन्यासारखी आहे, उभं राहिलात तरी वर जाताच. पण कुणी मागे लागलं तर फरक पडतो, हेही त्यातच आहे.

चालायचं म्हटलं तर कुठे, हा वेगळा विषय. आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे, त्यावर चारचाकी लागतात. गाड्यांचे मालक सकाळी ट्रॅक सूट घालून मगरपट्ट्याच्या बाजूला चालायला जातात. जाऊ द्या, त्यावर मागे लिहिलंय, भांडणंही झालीत.

आता मुद्द्याचं. वॉर्ड ऑफिसला द्यायला एक पत्र तयार केलंय. मागणं मोठं नाही. महापालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून निदान दोन दिवस संध्याकाळी सहा ते नऊ शुगर-बीपीची ओपीडी. मुंबईत 'आपला दवाखाना' २०२२ पासून रात्री दहापर्यंत चालवून दाखवलाय, म्हणजे अशक्य नाही. दुसरं, ज्यांची गोळी ठरलेली आहे त्यांना एका वेळी महिन्याचं औषध. आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी हा सरकारचाच कार्यक्रम आहे, ती सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी आणि सोसायट्यांच्या गेटवर येऊन करावी.

सोसायटीवाल्यांना वेगळं सांगतो. तुमच्या वॉचमनला, सफाईवाल्याला आणि घरच्या मावशींना वर्षातून एक सकाळ पगार न कापता सुट्टी द्या, उपाशीपोटी रक्त तपासायला. कंबर घरीच मोजता येते: पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली असेल, किंवा आईवडिलांपैकी कुणाला शुगर असेल, तर वजन बघत बसू नका. १२६ च्या वर उपाशीपोटीची आली तर त्यांच्यासोबत एकदा दवाखान्यात जा. त्या एकट्या गेल्या तर खिडकीवरून परत येतील.

पत्र काउंटरवर ठेवलंय, वजनकाट्याशेजारी. आत्तापर्यंत त्र्याहत्तर सह्या झाल्यात, त्यात अंगठे अकरा. दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेदहा उघडं असतं, रविवारी दुपारपर्यंत. येत्या सोमवारी साडेअकराला पत्र द्यायला जाणार आहोत. सोबत येऊ शकणाऱ्यांनी खाली लिहा, म्हणजे रिक्षा किती लागतील ते कळेल.